रेडिओवर पाहुणा म्हणून बोलवतात ते नेमकं कसं?

सातेरीवाला (धागाकर्ता), सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. विभाग चुकला असेल तर संपादकांनी धागा हलवावा.

मी वाईजवळ राहतो. घरची शेती आहे आणि नऊ वर्षं मधपेट्या सांभाळतोय. सध्या सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळतात त्या देशी मधमाशीच्या, बावीस पेट्या आहेत. संध्याकाळी धार काढताना गोठ्यात रेडिओ लावलेला असतो, वडिलांच्या वेळेपासूनची सवय. मागच्या वर्षी शेतीच्या कार्यक्रमात एक साहेब मधमाश्यांवर बोलले. बोलले चांगलं, पण आग्या मोहोळ आणि सातेरी एकाच दमात सांगून मोकळे झाले. आग्या उघड्यावर एकच मोठं पोळं लावते, ती पेटीत नांदत नाही. सातेरी अंधाऱ्या ढोलीत एकाशेजारी एक पोळी लावते, म्हणून तर ती पेटीत रमते. ऐकणाऱ्या एखाद्या पोराने आग्या पेटीत भरायला घेतली तर? तेव्हाच डोक्यात किडा शिरला, की हे आपण सांगावं.

आकाशवाणी केंद्राला पत्र पाठवलं. सोबत तीन पानी परिचय, प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स आणि एक फोटो. चार महिने काही नाही. पुन्हा रजिस्टर पोस्टाने पाठवलं. पोहोचल्याची सही परत आली, उत्तर नाही. चुलतभाऊ म्हणतो, वशिला लागतो. खरंच लागतो का? इथे कोणी रेडिओवर गेलंय का? खासगी एफएमवाल्यांचं वेगळं असतं का?

जुना_श्रोता, सोमवार, रात्री १०.१५

रेडिओसाठी फोटो पाठवलात, दंडवत घ्या. 😀

वशिल्याचं म्हणाल तर, त्याच त्या दहा-बारा आवाजांना आलटून पालटून बोलावतात हे पन्नास वर्षं ऐकणारा माणूस म्हणून सांगतो. संधिवातावर तेच डॉक्टर, कापसावर तेच प्राध्यापक. ओळख लागतेच.

चिंचोका, सोमवार, रात्री ११.०२

वशिला राहू द्या, मला तर दर सांगितला होता. माझं योगवर्गाचं छोटं काम आहे. एका एफएम वाहिनीच्या मार्केटिंगमधून फोन आला, "मॅडम, तुमची मुलाखत घ्यायची आहे." मी हरखले, नवी साडी काढून ठेवली (हो, मीही). दुसऱ्या फोनला कळलं की मुलाखत पंधरा मिनिटांची आणि पैसे मी द्यायचे. म्हणजे ती जाहिरातच, फक्त गप्पांच्या वेषातली. दोष त्यांचा नाही म्हणा, धंदा आहे, पण पहिल्याच फोनला सांगायला काय झालं होतं? तेव्हा फोन कुठल्या विभागातून आलाय ते आधी विचारा.

लालदिवा, मंगळवार, सकाळी ७.२०

अकरा वर्षं आकाशवाणीच्या एका केंद्रावर नैमित्तिक उद्घोषक होतो, म्हणून थोडं आतलं सांगतो. लांबेल.

सातेरीवाले, तुमचं पत्र कोणी मुद्दाम दाबलेलं नाही. कार्यक्रम अधिकाऱ्याच्या टेबलावर एक तक्ता असतो, साधारण तीन महिन्यांचा. त्यात रोजचे ठरलेले कोनाडे असतात: दुपारी महिलांचा कार्यक्रम, संध्याकाळी शेतीचा, आठवड्यातून आरोग्याचा, युवावर्गाचा. त्या माणसाची रोजची चिंता एकच, अमुक तारखेच्या कोनाड्यात काय बसवू? तुमचं पत्र उघडलं तर त्यात तुम्ही आहात. तुमचं शिक्षण आहे, सत्कार आहेत, फोटो आहे. पण १४ तारखेला संध्याकाळी काय वाजवायचं ते त्यात नाही. मग ते पत्र 'चांगलं आहे, बघू' या फायलीत जातं. ती फाईल मी पाहिली आहे. तिला नाडी बांधायची वेळ आली होती.

जुना_श्रोतांचं म्हणणं अर्धं खरं. तेच आवाज पुन्हा पुन्हा येतात, पण बहुतेक वेळा कारण साधं असतं. ऐनवेळी कोणी गळालं की अधिकारी ज्याचा नंबर पाठ आहे त्याला फोन लावतो. तो माणूस वेळेवर येतो, दहा मिनिटं म्हटलं की दहा मिनिटांत संपवतो आणि पान चुकवत नाही. त्याला ओळख म्हणायचं तर म्हणा, पण ती पहिल्यांदा आल्यानंतर झालेली असते.

तेव्हा स्वतःला पाठवू नका, विषय पाठवा. 'मधमाशीपालन' हा विषय नव्हे, तो धड्याचा मथळा झाला. ऐकणाऱ्याची अडचण, ती कुठल्या महिन्यात येते, आणि तुम्ही तिच्यावर आठ मिनिटांत काय सांगाल, एवढंच लिहा. एका पानाच्या वर नको. पत्र कार्यक्रमाच्या नावाने पाठवा, नुसतं 'केंद्र संचालक' लिहिलं तर ते आवक-जावकमधून फिरत बसतं. आणि पत्रानंतर आठवड्याने केंद्रावर फोन करून, तो कार्यक्रम कोण बघतं ते विचारून, त्यांच्याशी दोन मिनिटं बोला. हा फोन फार महत्त्वाचा. पत्रात आवाज कळत नाही, फोनवर कळतो. समोरचा माणूस 'हो का, बरं' करत असतो, पण कान लावून तुमचा आवाजच तपासत असतो.

डॉ_दाढदुखी, मंगळवार, दुपारी २.०५

लालदिवा, +१. दाताच्या आरोग्यावर थेट फोनच्या कार्यक्रमाला मी तीनदा गेले आहे. पहिल्यांदा बोलावणं आलं ते माझ्या पेशंटमुळे. त्यांच्या बहिणीचं तिथे काम होतं, म्हणजे लांबची ओळख म्हणा. पुढची दोन बोलावणी मात्र स्वतःहून आली.

रेकॉर्डिंगवाल्या बाईने आत शिरतानाच माझ्याकडे बघून म्हटलं, "बांगड्या काढून ठेवा मॅडम." मला वाटलं काही सरकारी नियम असेल. हेडफोन लावून स्वतःचा हात हलवला तेव्हा कळलं, दोन काचेच्या बांगड्या म्हणजे अख्खी बैलगाडी. कडक स्टार्चची साडीसुद्धा बोलते.

थेट कार्यक्रमात पहिला फोन आला तो असा, "डॉक्टर, माझ्या नातवाला दूधदात उशिरा आले, तर त्याला बोलायला उशीर होईल का?" मी तयारी करून गेले होते किडलेल्या दातांची. तेव्हा कागद घेऊन जा, पण कागदावर विसंबून राहू नका.

पणजीकर, मंगळवार, संध्या. ६.३०

गोव्यातून. आमच्याकडे पणजी केंद्रावर कोकणी आणि मराठी दोन्ही चालतात, त्यामुळे पहिला प्रश्न 'कुठल्या भाषेत बोलणार' हाच. मी काजूवर दोनदा बोललो, एकदा या भाषेत, एकदा त्या. कोकणीत बोललो ते लोकांनी जास्त ऐकलं, मराठीत बोललो त्यावर पत्रं जास्त आली! याचा अर्थ काय लावायचा तो तुम्ही लावा.

खासगी एफएमचं म्हणाल तर तिथे आरजे आणि त्याचा प्रोड्यूसर हेच सगळं ठरवतात. लांब मुलाखत क्वचित, बहुतेक फोनवर मिनिटभराचा बाइट. बातम्या स्वतःच्या देण्याची त्यांना परवानगी नाही, आकाशवाणीच्या बातम्या आहेत तशा लावता येतात. त्यामुळे त्यांना लागते ती गंमत, गोष्ट, सण, पाऊस, ट्रॅफिक. मधमाशी चावल्याचा किस्सा चालेल, परागीभवन नाही चालणार.

म्हसवडकरीण, मंगळवार, रात्री ९.१०

सातेरीवाले, सामुदायिक रेडिओचा विचार केलात का? आमच्या माणदेशात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे, ९०.४ एफएम. बारामतीला वसुंधरा वाहिनी आहे, पुण्यात विद्यापीठाची विद्यावाणी आहे. तिथे अनोळखी माणसाला आत घेतात, कारण ती वाहिनीच आसपासच्या लोकांनी बोलावं म्हणून असते. मी बचतगटाच्या हिशोबावर बोलले होते, माईकसमोर पहिल्यांदा बसले ती तिथेच. अडचण एवढीच की पल्ला साधारण दहा-पंधरा किलोमीटरचा, म्हणजे वाईपर्यंत काही पोचणार नाही. पण भीड चेपायला उत्तम.

जुना_श्रोता, बुधवार, सकाळी ६.५०

थोडं अवांतर. गावच्या माणसाने रेडिओशी बोलायचं ही गोष्ट नवी नाही. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंच चालवले होते. गावातली वीसेक माणसं आठवड्यातून दोनदा एकत्र बसून कार्यक्रम ऐकायची, मग त्यावर चर्चा करायची आणि शंका केंद्राला लिहून पाठवायची. त्या शंकांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत यायची. आमच्या आजोळी लोक ते दिवस आठवून सांगत, की रेडिओ चावडीत होता आणि त्याची किल्ली पाटलांकडे.

आता मी वशिल्याचं म्हणालो ते थोडं मागे घेतो. पूर्ण नाही.

सातेरीवाला, बुधवार, रात्री १०.२०

सगळ्यांचे आभार. फोटोबद्दल जन्मभर ऐकावं लागणार हे कळलं. पत्राचा नवा मसुदा टाकतोय, निर्दयपणे सांगा.

"महोदय, मी एक प्रगतिशील मधपाळ असून मला या क्षेत्रातील प्रदीर्घ अनुभव आहे. येत्या २० मे रोजी जागतिक मधमाशी दिन आहे. त्यानिमित्त आपल्या लोकप्रिय केंद्रावरून मधमाशांचे महत्त्व या विषयावर विचार मांडण्याची संधी मिळावी ही नम्र विनंती."

लालदिवा, गुरुवार, सकाळी ७.०५

तारीख शोधलीत, हे चांगलं. पण २० मे सोडून द्या. त्या दिवसासाठी खादी ग्रामोद्योगाचे लोक असतात, पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन संस्थेतले कोणी असतात, महाबळेश्वरजवळचं मांघर मधाचं गाव झाल्यापासून तिथलेही असतात. दिनविशेषाला पाहुण्यांची रांग असते. रिकामे कोनाडे असतात ते आडव्या दिवसांचे, आणि तुमच्यासारख्याची जागा तिथे.

'प्रगतिशील', 'प्रदीर्घ', 'लोकप्रिय', 'नम्र' हे चार शब्द काढा. मग पत्रात काय उरतं ते बघा.

मला एक सांगा, तुमच्या पेट्यांसाठी शेजारचे शेतकरी कधी तुमच्या दारात येतात? कुठल्या महिन्यात, आणि काय म्हणत?

सातेरीवाला, गुरुवार, दुपारी १.४०

जानेवारीत. कांद्याचं बी धरणारे. डोंगळ्याचा, म्हणजे बियाण्याच्या कांद्याचा, प्लॉट फुलावर आला की म्हणतात, चार पेट्या आणून ठेव. कांद्याच्या फुलात पराग आधी मोकळा होतो आणि त्याच फुलाची मादी बाजू नंतर तयार होते, त्यामुळे दुसऱ्या फुलावरून कोणीतरी पराग आणावा लागतो. माशी नसेल तर गोंडा दिसतो टपोरा, आत दाणा पोकळ. आणि तेच लोक सकाळी नऊला फुलावर औषध मारतात, जेव्हा माशी कामावर असते. मग पेट्यांपुढे मेलेल्या माश्यांचा सडा. मी तीन वर्षं एका शेजाऱ्याला सांगतोय की संध्याकाळी मार. तो म्हणतो, तू तुझ्या माश्यांचं बघतोस.

लालदिवा, गुरुवार, दुपारी १.५५

अहो, हाच तर कार्यक्रम आहे! हे आत्ता जसं लिहिलंत तसंच पाठवा. वर एक ओळ: 'कांद्याच्या गोंड्यात दाणा का भरत नाही?' खाली: जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात हवं, कारण डोंगळे तेव्हा फुलावर येतात. मग तुमचं नाव, गाव, किती वर्षं, किती पेट्या. फोन. संपलं. आज सप्टेंबर संपतोय, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पोचलं पाहिजे, जानेवारीचा तक्ता तेव्हा आखायला घेतात.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. एक, तुमच्या मधाचं नाव, भाव, फोन नंबर हवेत जाणार नाही, सरकारी प्रसारणात स्वतःच्या मालाची जाहिरात चालत नाही. कीटकनाशकाचं कंपनीचं नावही घ्यायचं नाही, घटकाचं नाव घ्या. आणि कुठल्या पक्षाला नाव घेऊन झोडपायचं नाही, कांद्याच्या भावाचा विषय निघाला तर जीभ आवरा.

दोन, मुलाखतीत हात आवरा. गावाकडची माणसं 'एवढं मोठं पोळं' म्हणून हाताने दाखवतात. ऐकणाऱ्याला हात दिसत नाही. 'सुपाएवढं' म्हणा, 'नारळाएवढं' म्हणा.

चिंचोका, गुरुवार, दुपारी ३.३०

मी 'नारळाएवढं' वाहीत लिहून घेतलं. योगासनं रेडिओवर सांगायची तर सगळाच घोळ आहे, 'असा पाय असा घ्या' याचं करायचं काय?

डॉ_दाढदुखी, गुरुवार, संध्या. ५.१०

चिंचोकाताई, आसनं सांगूच नका. रात्री झोप न येणाऱ्या बायकांवर बोला. श्वास रेडिओवर ऐकू येतो, पाय नाही.

सातेरीवाला, १८ जानेवारी, रात्री ८.५०

धागा वर काढतोय. झालं एकदाचं!

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पत्र टाकलं, आठ दिवसांनी फोन केला. मॅडम म्हणाल्या, "पत्र वाचलंय, तुमच्याकडे चार पेट्यांना एकराला काय भाडं घेतात?" मी सांगितलं. मग म्हणाल्या, "हे भाडं रेडिओवर सांगायचं नाही हं." डिसेंबरात करारपत्र आलं, सही करून परत पाठवलं, सोबत बँकेचे तपशील आणि पॅन. रेकॉर्डिंग नऊ जानेवारीला.

जाड दाराच्या आत आणखी एक जाड दार. ते लागलं की कानाला दडे बसल्यासारखं होतं. भिंतींना बारीक भोकांचे पत्रे, टेबलावर जाड कापड, काचेपलीकडे मॅडम. लाल दिवा लागला आणि माझं नावच आठवेना. मी 'नमस्कार' म्हणून थांबलो. निवेदकाने शांतपणे हात खाली केला, म्हणजे घाई नको. पुन्हा घेतलं. 'फूल' आणि 'फवारणी' म्हणताना फ चा वारा माईकवर फुटत होता, म्हणून माईक थोडा तिरका केला. मध्ये एकदा 'आज सकाळी' म्हणालो, तर त्यांनी थांबवलं, कार्यक्रम पाच दिवसांनी लागणार होता. हात दोनदा वर गेले, पण दोन्ही वेळा तोंडाने 'सुपाएवढं' आलं. लालदिवा, शप्पथ तुमचीच आठवण झाली. आग्या आणि सातेरीचा फरकही सांगितला, चाळीस सेकंदांत.

चौदा तारखेला संक्रांत, संध्याकाळी लागला. आई गोठ्यात होती. म्हणाली, "हा माणूस आपल्याकडच्यासारखाच बोलतोय." मी काही बोललो नाही. नाव शेवटी सांगितलं तेव्हा तिने हातातली चरवी खाली ठेवली.

आणि काल तो शेजारी भेटला, तीन वर्षं न ऐकणारा. स्वतःहून म्हणाला, "आता संध्याकाळी फवारतो बरं का. परवा रेडिओवर कोणी माहीतगार सांगत होता, सकाळी मारलं तर दाणा पोकळ राहतो." शेवट ऐकायच्या आधी बॅटरी संपली होती म्हणे, नाव काही कळलं नाही त्याला.

जुना_श्रोता, १८ जानेवारी, रात्री ९.१५

सांगितलंत की नाही त्याला?

सातेरीवाला, १८ जानेवारी, रात्री ९.२२

नाही. सांगितलं तर पुन्हा सकाळी मारायला लागेल.

पणजीकर, १८ जानेवारी, रात्री ९.४०

😂 अभिनंदन! मी मोबाइलच्या अ‍ॅपवर पणजीत बसून ऐकला. चाळीस सेकंद मोजले नाहीत, पण आग्या कळली.

लालदिवा, १९ जानेवारी, सकाळी ७.००

अभिनंदन. मानधन खात्यात जमा व्हायला वेळ लागतो, धीर धरा. आणि मॅडमना आभाराचा फोन केलात का? केला नसेल तर आजच करा. त्याच फोनमध्ये एप्रिल-मे-जूनचा एक विषय पुढे सरकवा, तुमच्याकडची कारवी (कैक वर्षांनी एकदाच फुलणारं झुडूप) फुलणार असेल त्या वर्षाचाही सांगून ठेवा. तक्ता आता भरायला घेतला असेल.

चिंचोका, १९ जानेवारी, सकाळी ९.३०

माझं पत्रही गेलं. विषय: 'रात्री तीनला जाग येते आणि मग झोप नाही.' फोटो जोडलेला नाही.